नियम करणाऱ्याला नियम कोण लावणार?

जालना जिल्ह्यातल्या वाटूरच्या एखाद्या मुलानं ठरवलं, की परतूर, मंठा, जालना इथल्या बाजार समित्यांमधले कापूस-सोयाबीनचे भाव एका जागी दाखवणारं ॲप करायचं, तर कोड लिहिणं हा त्या कामातला सोपा भाग ठरतो. गूगलच्या प्ले स्टोअरवर डेव्हलपर म्हणून खातं उघडायला एकदाच २५ डॉलर भरावे लागतात. ॲपलकडे दर वर्षी ९९. मग ओळखपत्र, पत्ता, फोन यांची पडताळणी होते. १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेलं वैयक्तिक खातं असेल, तर ॲप सर्वांसाठी खुलं करण्याआधी किमान २० जणांनी सलग १४ दिवस त्याच्या चाचणीत सामील राहायला हवं, अशी अट गूगलनं घातली. डिसेंबर २०२४मध्ये त्या २०चे १२ झाले. कंपनीच्या नावानं उघडलेल्या खात्याला ही अट नाही. ज्याच्याकडे कंपनी नाही, ऑफिस नाही, या क्षेत्रातली ओळखपाळख नाही, नेमकी त्यालाच बारा माणसं गोळा करून चौदा दिवस टिकवून धरावी लागतात.

तरीही हा नियम समजून घेता येतो. बँकेच्या नावानं बनावट ॲप काढून लोकांची खाती रिकामी करणाऱ्या टोळ्या आहेत, त्यामुळे दारावर कुणीतरी तपासणीला उभं असायलाच हवं. कडक नियम कष्टाळू माणूस कुरकुरत का होईना, पाळतो. त्याचं डोकं फिरतं ते वेगळ्याच गोष्टीनं. जो नियम त्याच्यासाठी दगडावरची रेघ आहे, तो दुसऱ्या कुणासाठी वाकतो, आणि सगळ्यात जास्त वाकतो तो नियम लिहिणाऱ्या मालकासाठीच.

याचं सर्वात क्रूर उदाहरण कर्ज देणाऱ्या ॲपांचं. ६० दिवस किंवा त्याहून कमी मुदतीत पूर्ण परतफेड मागणाऱ्या वैयक्तिक कर्जाच्या ॲपांना प्ले स्टोअरवर बंदी आहे. नियम लेखी आहे आणि स्पष्ट आहे. तरी कोविडच्या काळात सात-सात दिवसांच्या मुदतीची कर्जं देणारी ॲप याच दुकानातून देशभर उतरवली गेली. हप्ता चुकला की फोनमधल्या सगळ्या नंबरांवर बदनामीचे फोन आणि छेडछाड केलेले फोटो जायचे. त्यातून आत्महत्या झाल्या, २०२०च्या अखेरीस तेलंगणात अटकसत्र झालं. पुढे सरकारनं संसदेत माहिती दिली, की सप्टेंबर २०२२ ते ऑगस्ट २०२३ या काळात गूगलनं अशी २,२००हून अधिक ॲप काढून टाकली. ती काढली हे चांगलंच झालं. पण ती सगळी आधी त्याच तपासणीतून आत आली होती. भावफलकाचं निरुपद्रवी ॲप घेऊन आलेल्या मुलाला परवानगीच्या एका ओळीतल्या चुकीवरून परत पाठवणारी यंत्रणा हीच. एखाद्या बंद केलेल्या खात्याशी संबंध असल्याच्या संशयावरून नवं खातं बंद करणारी यंत्रणाही हीच. एकच लॅपटॉप दोघा मित्रांनी वापरला तरी आपण अडकू, ही भीती लहान ॲपवाल्यांमध्ये मुरलेली आहे, ती उगाच नाही.

हा ढिसाळपणा म्हणता येईल. इतक्या मोठ्या पसाऱ्यात काही निसटणारच, असा बचावही करता येईल. मालकाचं स्वतःचं ॲप मैदानात असतं, तिथे मात्र हा बचाव पुरत नाही. भारतात या प्रश्नाला पहिल्यांदा चव्हाट्यावर आणलं ते एका दिवसाच्या घटनेनं.

१८ सप्टेंबर २०२० रोजी, आयपीएल सुरू होण्याच्या आदल्या दिवशी, पेटीएमचं ॲप प्ले स्टोअरवरून गायब झालं. पेटीएमनं क्रिकेट खेळाडूंचे स्टिकर गोळा करा आणि कॅशबॅक मिळवा अशी योजना काढली होती. जुगारविषयक धोरणाचा भंग झाला, असं गूगलचं म्हणणं होतं. योजना मागे घेतल्यावर त्याच संध्याकाळी ॲप परत आलं. काही तासांचा मामला. पण पेटीएमनं नंतर जाहीरपणे प्रश्न केला, की गूगल पे सुद्धा क्रिकेटच्या हंगामात स्क्रॅच कार्ड आणि धावांशी जोडलेली बक्षिसं देतं, मग तो जुगार का नाही? पेटीएम आणि गूगल पे एकाच बाजारातले थेट स्पर्धक. त्यातल्या एकाच्या हातात दुसऱ्याच्या दुकानाचं शटर होतं. पेटीएमची योजना नियमात बसत होती की नाही, यावर वाद होऊ शकतो आणि माझ्या मते तो पुरता सुटलेला नाही. पण ज्याचा निकाल लावायचा त्याचाच प्रतिस्पर्धी न्यायाधीश असेल, तर बरोबर निकालावरही कुणाचा विश्वास बसत नाही.

दहाच दिवसांनी, २८ सप्टेंबर २०२० रोजी, गूगलनं आणखी मोठा विषय काढला. ॲपच्या आत डिजिटल वस्तू किंवा वर्गणी विकायची तर पैसे प्ले स्टोअरच्या बिलिंग पद्धतीतूनच घ्यावे लागतील, असं तिनं बजावलं. कमिशन तेव्हा ३० टक्के होतं. पुढे वर्षाच्या पहिल्या १० लाख डॉलरच्या कमाईवर ते १५ टक्के झालं. भारतातून एवढी ओरड झाली, की इथली मुदत आधी मार्च २०२२पर्यंत आणि मग ऑक्टोबर २०२२पर्यंत ढकलावी लागली. प्रकरण भारतीय स्पर्धा आयोगाकडे गेलं होतंच. २० ऑक्टोबर २०२२ रोजी आयोगानं अँड्रॉइडच्या करारांबद्दल गूगलला १,३३७.७६ कोटींचा दंड केला आणि पाचच दिवसांनी, २५ ऑक्टोबरला, प्ले स्टोअरच्या बिलिंगबद्दल ९३६.४४ कोटींचा.

दंडाचे आकडे तेव्हा सगळ्या वर्तमानपत्रांत आले. पण ॲप बनवणाऱ्याच्या दृष्टीनं त्या दुसऱ्या आदेशातल्या दोन गोष्टी आकड्यांपेक्षा महत्त्वाच्या आहेत, आणि त्यांची चर्चा मराठीत फारच कमी झाली.

पहिली यूट्यूबची. प्ले स्टोअरवरच्या ज्या ॲपला डिजिटल वर्गणी विकायची, त्याला गूगलचं बिलिंग सक्तीचं होतं आणि त्यावरचं कमिशनही सक्तीचं. यूट्यूबही वर्गणी विकतं. आयोगाला आढळलं, की यूट्यूबला हे बिलिंग लागू नाही, म्हणून इतरांवर बसणारा कमिशनचा भार त्याच्यावर पडत नाही. सारख्या कामाला दोन मापं लावणं हा आयोगाच्या लेखी भेदभाव होता. याचा व्यवहारातला अर्थ बघा. मराठी कथा, पुस्तकं आणि व्याख्यानं ऐकवणाऱ्या ॲपनं महिन्याला १०० रुपये वर्गणी ठेवली, तर त्यातले १५ रुपये दुकानाचा मालक घेणार. उरलेल्यात लेखक, वाचक-कलाकार, ध्वनिमुद्रण, जाहिरात भागवायचं. ऐकणाऱ्याच्या त्याच अर्ध्या तासासाठी झगडणाऱ्या यूट्यूबला ही कपात नाही. शर्यत सुरू होण्याआधीच एकाच्या पाठीवर पोतं ठेवलेलं.

दुसरी गोष्ट यूपीआयची, आणि ती अधिक बारीक आहे. प्ले स्टोअरवर काही विकत घेताना गूगल पे निवडलं, की फोन थेट ते ॲप उघडायचा, पिन टाकला की काम झालं. दुसरं यूपीआय ॲप वापरायचं तर आपला यूपीआय आयडी टाइप करा, मग त्या ॲपमध्ये विनंती येण्याची वाट पाहा, ती शोधा, मंजूर करा, परत या. या पाच पावलांत कुठेतरी माणूस कंटाळतो किंवा नेटवर्क जातं. जालना-मंठा रस्त्यावर गावं मागे टाकत जाताना नेटवर्क कसं येतं-जातं हे ज्यानं अनुभवलं आहे, त्याला या फरकाची किंमत समजावून सांगावी लागणार नाही. इतर ॲपांवर कुणी बंदी घातली नव्हती. नियम मोडला असं बोट दाखवायलाही जागा नव्हती. फक्त मालकाच्या ॲपचा रस्ता डांबरी होता आणि बाकीच्यांचा कच्चा. आयोगानं हेही पक्षपाती ठरवलं.

एवढा स्पष्ट आदेश आल्यावर ॲपवाल्यांची सुटका व्हायला हवी होती. झालं ते असं. गूगलनं दुसऱ्या पद्धतीनं पैसे घ्यायची मुभा दिली, मात्र तसं केलं तर कमिशनात फक्त चार टक्के अंकांची सूट ठेवली. म्हणजे ३०चे २६ आणि १५चे ११. पैसे घेण्याची पर्यायी यंत्रणा चालवायचा खर्च वेगळा. मुभा कागदावर आली, पण ती वापरून हाती लागतं काय, हे ज्यानं त्यानं हिशेब करून पाहावं. शादी डॉट कॉम चालवणारी मुंबईची पीपल इंटरॅक्टिव्ह, कुकू एफएम चालवणारी मेबिगो लॅब्ज वगैरे कंपन्या पुन्हा आयोगाकडे गेल्या, आणि १५ मार्च २०२४ रोजी आयोगानं या नव्या दररचनेची चौकशी करायला सांगितलं.

मधल्या काळात जे घडलं ते या सगळ्या प्रश्नाचं सार आहे. काही कंपन्यांनी कमिशन न भरता न्यायालयाची वाट धरली होती. सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी २०२४मध्ये अंतरिम दिलासा नाकारला. १ मार्च २०२४ला, सुनावणी पुढे बाकी असताना, गूगलनं दहा भारतीय कंपन्यांच्या ॲपवर कारवाई सुरू केली. भारत मॅट्रिमोनी, शादी डॉट कॉम, नोकरी, ९९ एकर्स, कुकू एफएम अशी घराघरातली नावं एका दिवसात दुकानातून गेली. ज्यांच्या फोनमध्ये ॲप आधीच होतं त्यांचं चालू राहिलं, पण नवा माणूस ते घेऊ शकत नव्हता आणि जुन्याला सुधारित आवृत्ती मिळत नव्हती. केंद्रीय मंत्री अश्विनी वैष्णव यांनी दोन्ही बाजूंना बोलावलं आणि ५ मार्चला ॲप परत आणण्याचं ठरलं.

त्या आठवड्यात या तोडग्याचं मोठं कौतुक झालं. मला तो तोडगा तेव्हाही खटकला आणि आजही खटकतो. नोकरी डॉट कॉमसाठी मंत्री बैठक बोलावतात, ते योग्यच आहे, तिथे लाखो तरुणांच्या अर्जांचा प्रश्न होता. पण परतूर तालुक्यातल्या मुलाचं भावफलकाचं ॲप शुक्रवारी रात्री उडालं तर त्यानं कुणाला फोन करायचा? त्याला यंत्रानं लिहिलेला ईमेल येतो, त्यात धोरणाचं नाव असतं, चूक नेमकी कुठे ते नसतं. अपील केलं तर उत्तरही तसंच येतं. एकाचा नियमभंग दुसऱ्याच्या वजनानं मिटवला जातो, तेव्हा वजन नसलेल्याच्या वाट्याला फक्त नियम येतो.

आणि निकालांचा वेग पाहा. ॲप काढायला तास पुरतात. स्पर्धा आयोगाचा २०२२चा आदेश अपिलात गेला. राष्ट्रीय कंपनी कायदा अपील न्यायाधिकरणानं मार्च २०२३मध्ये अँड्रॉइडच्या प्रकरणातला दंड कायम ठेवला, पण दहांपैकी चार निर्देश रद्द केले. बिलिंगच्या प्रकरणाचा निकाल यायला २८ मार्च २०२५ उजाडला, आणि त्यात ९३६ कोटींचा दंड २१६.६९ कोटींवर आला. म्हणजे २०२०मध्ये ज्या धोरणावर ओरड सुरू झाली, त्यावर अपिलातला निकाल साडेचार वर्षांनी. तीन जणांची कंपनी एवढा काळ तग धरत नाही. मालकाला वेळ परवडतो, ॲपवाल्याला नाही. दोघांतली खरी विषमता मला कमिशनाच्या टक्क्यांपेक्षा इथे दिसते.

गूगलची बाजूही नीट मांडायला हवी. तिचं म्हणणं असं, की भारतातल्या दोन लाखांहून अधिक डेव्हलपरांपैकी जेमतेम तीन टक्क्यांना कमिशन लागू होतं, बाकीचे दुकान फुकट वापरतात. दुकान चालवायला, ॲप तपासायला, जगभर पोचवायला पैसा लागतो. यातलं बरंच खरं आहे. प्ले स्टोअर नसतं तर वाटूरमधल्या फोनवर मुंबईतल्या दोघा-तिघांनी केलेलं ॲप एका बोटाच्या दाबानं पोचलंच नसतं. पूर्वी सीडी, डीलर आणि कमिशन एजंट यांच्या साखळीत यापेक्षा जास्त पैसा जायचा. कमिशन १५ असावं की ३०, यावर दोन प्रामाणिक माणसांची मतं वेगळी असू शकतात. पण जो दर असेल तो मालकाच्या ॲपलाही लागू असावा, यावर मला दुसरी बाजू सापडत नाही.

खेळांच्या ॲपांचं प्रकरण याच जातीचं. पैसे लावून खेळायच्या ॲपांना प्ले स्टोअर भारतात थारा देत नव्हतं. सप्टेंबर २०२२मध्ये गूगलनं प्रयोग म्हणून फक्त दोन प्रकारांना दार उघडलं, फँटसी स्पोर्ट्स आणि रमी. कॅरम किंवा कोडी यांवर पैसे लावणारे बाहेरच राहिले. विन्झो या कंपनीच्या तक्रारीवरून आयोगानं नोव्हेंबर २०२४मध्ये चौकशीचा आदेश दिला. पुढे ऑगस्ट २०२५च्या कायद्यानं पैशांच्या ऑनलाइन खेळांवरच बंदी आली. अशा खेळांनी किती घरं उद्ध्वस्त केली हे पाहता मला त्या बंदीचं दुःख नाही. तरी प्रश्न उरतोच, की रमी चालते आणि कॅरम चालत नाही, हे कोणत्या तत्त्वावर ठरलं?

हा केवळ एका कंपनीचा स्वभाव आहे असं मानण्याचं कारण नाही. ॲपलच्या नियमावलीत नोटिफिकेशनचा वापर जाहिरातीसाठी करू नये असं कलम वर्षानुवर्षं होतं. २०२०मध्ये ते थोडं सैल झालं: वापरणाऱ्यानं स्पष्ट संमती दिली असेल तरच जाहिरात पाठवा. जून २०२५मध्ये ॲपलच्याच वॉलेट ॲपनं अमेरिकेत लोकांना ‘एफ १’ या ॲपलनंच काढलेल्या सिनेमाच्या तिकिटावरच्या सवलतीची नोटिफिकेशन पाठवली. वॉलेटमध्ये लोक बँकेची कार्डं ठेवतात. याच कलमाखाली ज्यांची ॲप अडवली गेली होती, त्यांना काय वाटलं असेल ते सांगायला नको. २०२१मध्ये ॲपलनं इतर ॲपांना ग्राहकाचा माग काढण्याआधी परवानगीची चौकट दाखवणं सक्तीचं केलं. खासगीपणासाठी ते पाऊल चांगलंच होतं. पण फ्रान्सच्या स्पर्धा प्राधिकरणानं मार्च २०२५मध्ये ॲपलला १५ कोटी युरोंचा दंड केला. ज्या पद्धतीनं ती सक्ती राबवली, तिनं बाहेरच्या ॲपांना दुहेरी संमती घ्यायला लावली आणि ॲपलच्या स्वतःच्या सेवांना तसं लागू नव्हतं, हा त्यातला मुद्दा.

अमेरिकेत तर न्यायालयाचा हुकूमही पाळला गेला नाही. एपिक गेम्सच्या दाव्यात २०२१मध्ये न्यायाधीश इव्हॉन गोन्झालेझ रॉजर्स यांनी ॲपलला सांगितलं, की ॲपवाल्यांना ग्राहकाला बाहेर पैसे भरायची वाट दाखवू द्या. ॲपलनं २०२४मध्ये वाट दाखवायला परवानगी दिली आणि त्या बाहेरच्या व्यवहारावरही २७ टक्के कमिशन लावलं, शिवाय ग्राहकाला घाबरवणारी सूचना मधे उभी केली. ३० एप्रिल २०२५ला त्याच न्यायाधीशांनी ॲपलनं हुकमाचा अवमान केल्याचं नोंदवलं आणि प्रकरण फौजदारी चौकशीसाठी पुढे पाठवलं. भारतातले ३०चे २६ आणि तिथले ३०चे २७ शेजारी ठेवून पाहावेत.

ट्विटरची गोष्ट छोटी आहे, पण इतकी उघड की दुसरी मिळणार नाही. जानेवारी २०२३मध्ये ट्विटरिफिक, ट्वीटबॉट अशी बाहेरच्यांनी केलेली ॲप अचानक बंद पडली. ट्विटरिफिक २००७पासूनचं. काही दिवस कंपनी गप्प होती. १७ जानेवारीला तिनं म्हटलं, की आम्ही जुनेच नियम अमलात आणतो आहोत. कोणते नियम, ते सांगितलं नाही. दोन दिवसांनी करारात नवं कलम घातलं गेलं, की ट्विटरच्या ॲपला पर्याय ठरेल असं काही बनवू नये. शिक्षा आधी, कायदा नंतर. त्याच वर्षी रेडिटनं माहिती घेण्याचा दर असा लावला, की अपोलो या लोकप्रिय ॲपच्या ख्रिस्टियन सेलिग यांच्या हिशेबानं वर्षाचं बिल दोन कोटी डॉलर होणार होतं. जानेवारीत रेडिटनं आपल्याला यंदा बदल होणार नाही असं सांगितलं होतं, असं त्यांनी जाहीर केलं आणि ३० जून २०२३ला ॲप बंद केलं.

आपल्याकडे या प्रश्नाकडे ‘परदेशी बड्या कंपन्या विरुद्ध देशी उद्योजक’ अशा चष्म्यातून पाहायची सवय लागली आहे. तो चष्मा काढावा, असं मला यूपीआयकडे पाहून वाटतं. यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयचं मुख्यालय मुंबईत, मालकी बँकांची, हेतू सार्वजनिक. ५ नोव्हेंबर २०२०ला तिनं नियम केला, की कोणत्याही एका ॲपकडे यूपीआयच्या एकूण व्यवहारांपैकी ३० टक्क्यांहून जास्त असू नयेत. मोठ्यांना २०२२अखेरची मुदत दिली. ती जवळ आली तेव्हा मुदत २०२४अखेरपर्यंत वाढली. ती संपायच्या दिवशी, ३१ डिसेंबर २०२४ला, ती आणखी दोन वर्षं वाढवली गेली. तेव्हा फोनपेकडे सुमारे ४८ टक्के आणि गूगल पेकडे सुमारे ३७ टक्के व्यवहार होते.

एनपीसीआयची अडचण खोटी नाही. उद्यापासून ३० टक्क्यांवरचे व्यवहार थांबवायचे म्हणजे वाटूर फाट्यावर चहाचे पैसे देणाऱ्याला ‘तुमच्या ॲपचा कोटा संपला’ असं सांगायचं का? कुणीच सांगणार नाही. पण ज्या लहान कंपन्यांनी २०२०चा नियम खरा मानून, आता आपल्याला जागा मिळेल म्हणून पैसा गुंतवला, माणसं घेतली, त्यांचं काय? नियम करताना तो पाळणं जमणार आहे का, याचा विचार आधी करायचा असतो. न पाळला जाणारा नियम नसलेल्या नियमापेक्षा वाईट, कारण त्याच्या भरवशावर कुणीतरी घर बांधलेलं असतं. त्यात भीम हे ॲप एनपीसीआयच्याच उपकंपनीचं. मैदान, पंच आणि एक संघ एकाच घरातले.

ही गाठ नवी नाही. रेल्वे आली तेव्हा हाच प्रश्न उभा राहिला होता. एकाच रुळावरून कुणाचा माल स्वस्तात, आधी आणि चांगल्या डब्यात जाणार, हे रेल्वे कंपनी ठरवू लागली तर ज्याच्यावर तिची मर्जी तोच व्यापारी टिकणार. ब्रिटननं १८५४च्या कायद्यात कुणालाही गैरवाजवी झुकतं माप देण्यास मनाई केली. भारतातल्या १८९०च्या रेल्वे कायद्यात ते तत्त्व आलं आणि आजच्या १९८९च्या कायद्याच्या ७०व्या कलमात ते कायम आहे. वाटूरला जवळचं स्टेशन परतूर. तिथून जाणाऱ्या मालगाडीला हे कलम लागू आहे. अमेरिका आणखी पुढे गेली. कोळशाच्या खाणी आणि रेल्वे एकाच मालकाच्या हाती जाऊ लागल्या, तेव्हा १९०६च्या हेपबर्न कायद्यानं रेल्वेला स्वतः काढलेला माल स्वतःच्या रुळावरून वाहायलाच बंदी केली, लाकूड तेवढं वगळून. यूट्यूब आणि प्ले स्टोअर यांची फारकत करा असं म्हणण्याचं धाडस आज फारसं कुणी करत नाही, पण शंभरहून अधिक वर्षांपूर्वी कायद्यानं त्या काळच्या बलाढ्य कंपन्यांना हे सांगितलं होतं.

भारतात संसदेच्या वित्तविषयक स्थायी समितीनं, जयंत सिन्हा यांच्या अध्यक्षतेखाली, डिसेंबर २०२२च्या अहवालात म्हटलं, की बाजार बिघडल्यानंतर चौकशी करत बसण्यापेक्षा बड्या डिजिटल कंपन्यांवर आधीच बंधनं घाला. मार्च २०२४मध्ये डिजिटल स्पर्धा विधेयकाचा मसुदा आला. स्वतःच्या सेवेला झुकतं माप देऊ नये हे त्यात आहे. मसुदा मसुदाच राहिला. त्याला विरोध करणाऱ्यांत मोठ्या भारतीय कंपन्याही होत्या, कारण उद्या त्याही या कक्षेत येतील. या विरोधाचं मला आश्चर्य वाटत नाही. कालचा भाडेकरू आज चार गाळे विकत घेतो, तेव्हा त्याला भाडेकरूंचे हक्क अवजड वाटू लागतात.

मला युरोपच्या मोठ्या डिजिटल बाजार कायद्यापेक्षा तिथलाच एक जुना आणि साधा नियम जास्त कामाचा वाटतो. जुलै २०२०पासून लागू झालेल्या त्या नियमानुसार प्लॅटफॉर्मला व्यवसायाच्या अटी बदलायच्या असतील तर किमान १५ दिवस आधी कळवावं लागतं. एखाद्याची सेवा पूर्ण बंद करायची तर ३० दिवस आधी, नेमकी कारणं लिहून. तक्रार ऐकणारी अंतर्गत यंत्रणा ठेवावी लागते, लहान प्लॅटफॉर्मला त्यातून सूट आहे. आणि आपल्या स्वतःच्या मालाला इतरांपेक्षा वेगळी वागणूक देत असाल तर ती कोणती आणि का, हे अटींमध्येच लिहावं लागतं. फसवणूक वा धोका असेल तिथे ताबडतोब कारवाईची मोकळीक आहेच, म्हणजे कर्जाच्या टोळ्यांना त्याचा आडोसा मिळत नाही.

यात मालकाचं दुकान कुणी हिरावत नाही, कमिशन कुणी ठरवून देत नाही. फक्त तो काय करतो ते आधी सांगायला आणि कारण द्यायला लावतं. भारतात एवढं एक कलम आलं असतं, तर २०२०च्या सप्टेंबरात पेटीएमला योजना मागे घ्यायला कदाचित मुदत मिळाली असती, यूट्यूबची सवलत अटींच्या पानावर छापावी लागली असती, आणि बंद झालेल्या भावफलकाच्या मालकाला चूक कुठल्या ओळीत आहे ते कळलं असतं. यासाठी नवा विधेयक-मसुदा पूर्ण होण्याची वाट पाहण्याचीही गरज नाही. आयोगानं २०२२च्या आदेशातच गूगलला बिलिंगच्या धोरणाबाबत डेव्हलपरांशी पारदर्शक वागायला सांगितलं होतं. तेच तत्त्व सगळ्या मोठ्या प्लॅटफॉर्मना, एनपीसीआयसह, लागू करायचं आहे.

एनपीसीआयनं ३० टक्क्यांच्या नियमासाठी दिलेली तिसरी मुदत ३१ डिसेंबर २०२६ला संपते. नियम पाळायचा असेल तर मोठ्या ॲपांनी नवे ग्राहक घेणं कधी थांबवायचं, आणि पाळायचा नसेल तर तो रद्द का केला जातो आहे, हे लहान ॲपवाल्यांना त्या दिवसाच्या संध्याकाळी पत्रकातून कळू नये. ते आत्ताच, कारणांसह, लेखी सांगितलं जावं.